खचदरी ताणली की दाबली?

भूगोलाच्या पुस्तकातली खचदरीची आकृती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. जमिनीत दोन समांतर विभंग, त्यांच्यामधला खाली गेलेला ठोकळा, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांपासून दूर जाणारे दोन बाण. मुले ती वहीत उतरवून घेतात, आपण त्यावर गुण देतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण एखाद्या चौकस मुलीने विचारले, की बाण उलट्या दिशेने काढले तर काय बिघडेल? दोन्ही कडांनी आत दाब दिला, कडा मधल्या ठोकळ्यावर चढल्या, तर त्यांच्या भाराने तो ठोकळा खाली जाणार नाही का?

प्रश्न वेडगळ नाही. भूवैज्ञानिकांनी यावर जवळजवळ अर्धे शतक वाद घातला आहे. आणि या वादात १९३६ साली पुढे आलेला सर्वांत वजनदार पुरावा (इथे हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा) उलट्या बाणांच्या बाजूने होता. तो पुरावा गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापाचा होता. मोजमाप चोख होते. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र टिकला नाही. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

वादाचे ठिकाण होते पूर्व आफ्रिका. इथिओपियापासून मोझांबिकपर्यंत जमिनीला पडलेल्या खचदऱ्यांची एक लांबच लांब माळ आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेला तिची एक शाखा केनियातून जाते, तर पश्चिमेकडच्या शाखेत आल्बर्ट आणि टांगानिका यांसारखी लांबट सरोवरे आहेत. १८९१ मध्ये ऑस्ट्रियाचे एडुआर्ट झ्यूस यांनी प्रवाशांच्या नोंदींवरून या भेगांचे एकत्रित वर्णन केले. १८९३ मध्ये जॉन वॉल्टर ग्रेगरी हे ब्रिटिश भूवैज्ञानिक स्वतः केनियात जाऊन आले. 'रिफ्ट व्हॅली' हा शब्द रूढ केला तो त्यांनीच. ग्रेगरी यांच्या मते हा प्रदेश आधी कमानीसारखा वर उचलला गेला आणि मग कमानीचा मधला दगड निसटावा तसा मधला पट्टा खाली घसरला. म्हणजे ताण. बाण बाहेरच्या दिशेने.

सर्वांना हे पटले नव्हते. युगांडात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे काम करणारे वेलंड यांनी १९२१ मध्ये आल्बर्ट सरोवराच्या खचदरीबद्दल लिहिताना दाबाची बाजू मांडली. या पश्चिम शाखेत रुवेन्झोरी हा ५,१०९ मीटर उंचीचा पर्वत उभा आहे, आणि तो ज्वालामुखी नाही. जमीन ताणली जात असेल तर त्याच पट्ट्यात एवढा पर्वत वर कसा येईल, ही शंका ज्याने तो पर्वत पाहिला त्याला येणारच. शिवाय या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे एक मोठा प्रश्न दडला होता. खंड सरकतात असे म्हणणाऱ्या वेगेनर यांनी पूर्व आफ्रिकेच्या भेगांकडे खंड फाटण्याची सुरुवात म्हणून बोट दाखवले होते. बाण आत वळले तर वेगेनर यांचा एक साक्षीदार फुटल्यासारखे होणार होते.

डोळ्यांनी पाहून हा वाद मिटणे कठीण होते. विभंगाची प्रतल आतल्या बाजूला कलली आहे की बाहेरच्या, यावर सगळे अवलंबून. आणि कड्याच्या पायथ्याशी दरडी व गाळ साचून नेमकी तीच जागा झाकली गेलेली. मग जमिनीखाली किती वस्तुमान आहे ते तोलून पाहिले तर?

पृथ्वी तोलण्याची ही कल्पना नवी नव्हती आणि तिच्या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात झालेल्या सर्वेक्षणात कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठाण्यांमधले अक्षांशातील अंतर दोन रीतींनी काढले, तेव्हा उत्तरात ५.२४ सेकंदांचा (कोनाच्या सेकंदांचा) फरक आला. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार, हे उघड होते. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला, तर फरक १५ सेकंदांहून जास्त यायला हवा होता! पर्वत दिसतो तेवढा ओढत नाही, म्हणजे त्याच्याखाली वस्तुमान कमी आहे. एअरी यांनी त्याच वर्षी म्हटले, की हलके भूकवच जड प्रावरणावर लाकडाच्या ओंडक्यासारखे तरंगते आहे. पर्वत जेवढा उंच, तेवढी त्याची मुळी खोल. यालाच पुढे समस्थायित्व हे नाव मिळाले.

एक धागा आणखी सरळ जुळतो. भारतीय सर्वेक्षण खात्यात लंबकाने गुरुत्व मोजण्याचे काम केलेले सर जेराल्ड लेनॉक्स-कॉनिंगहॅम निवृत्तीनंतर केंब्रिजला गेले आणि तिथे त्यांनी भूगणिताचा विभाग उभा केला. १९३१ मध्ये त्यांच्या हाताखाली एडवर्ड बुलार्ड हा चोविशीतला तरुण रुजू झाला. मूळचा भौतिकीचा विद्यार्थी. भूविज्ञानाचे रीतसर शिक्षण नाही. हाच तरुण १९३३-३४ मध्ये लंबक घेऊन पूर्व आफ्रिकेत गेला. त्याच्या आधी कोलश्युटर या जर्मन निरीक्षकाने १८९९-१९०० मध्ये तिथल्या जर्मन वसाहतीत अशीच काही निरीक्षणे केली होती. त्यांचाही उपयोग झाला.

आता लंबकाने जमिनीखालचे वजन कसे कळते? लंबकाचा दोलनकाल गुरुत्व त्वरणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे अकरावीच्या मुलांना ठाऊक असते. भूभौतिकीत गुरुत्व मिलिगॅलमध्ये मोजतात. एक मिलिगॅल म्हणजे ढोबळमानाने आपल्या नेहमीच्या गुरुत्वाचा दहा लाखावा भाग. गुरुत्व एवढ्याने बदलले तर लंबकाचे घड्याळ दिवसाला सुमारे ०.०४ सेकंद मागे किंवा पुढे जाते. खचदरीसारख्या रचनेचा परिणाम काही दशके मिलिगॅल, म्हणजे दिवसाला दोन-चार सेकंद. ऐकायला हे सोपे वाटते, पण ज्या घड्याळाशी लंबक ताडून पाहायचा ते आफ्रिकेच्या उन्हात, ट्रकच्या धक्क्यांनंतरही याहून कितीतरी अचूक असायला हवे. बुलार्ड यांनी रेडिओवरून येणाऱ्या वेळेच्या संकेतांचा आधार घेतला. या एका सुधारणेने त्यांचे आकडे भरवशाचे झाले, असे आम्हांला वाटते.

आकडा हाती आला तरी काम अर्धेच झालेले असते. समुद्रसपाटीपासून दर मीटर वर गेले की गुरुत्व ०.३०८६ मिलिगॅलने कमी होते. उलट, ठाणे आणि समुद्रसपाटी यांच्यामधला खडक दर मीटरला सुमारे ०.११ मिलिगॅल वाढवतो. ही दुसरी दुरुस्ती अठराव्या शतकात पेरूच्या मोहिमेवर गेलेल्या बूगेर यांच्या नावाने ओळखली जाते. शिवाय जवळच्या डोंगरांचा आणि दऱ्यांचा हिशेब वेगळा, अक्षांशाचा वेगळा. हे सगळे वजा-अधिक केल्यावर जे उरते ती गुरुत्वाची विसंगती. ऋण विसंगती म्हणजे खाली कुठेतरी वस्तुमानाची तूट आहे. 'कुठेतरी' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची सारी गोष्ट त्या शब्दाची आहे.

बुलार्ड यांचा प्रबंध १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये आला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. पूर्व आफ्रिकेचे पठार एकंदरीने समतोलात होते. जेवढे उंच तेवढीच खाली तूट. पण खचदऱ्यांवर, विशेषतः आल्बर्ट सरोवरावर, समतोलाला लागते त्याहून जास्त तूट होती.

इथून पुढचा त्यांचा तर्क वर्गात बादली आणि लाकडाचा ठोकळा घेऊन दाखवता येतो. तरंगणारा ठोकळा बोटाने खाली दाबून धरा. आता त्याच्या जागेवर पाणी, लाकूड, हवा मिळून जे वस्तुमान आहे ते शेजारच्या नुसत्या पाण्यापेक्षा कमी आहे. ठोकळ्याला वर यायचे आहे आणि बोट काढले की तो येतो. खचदरीच्या तळाखाली वस्तुमानाची तूट आहे, म्हणजे तळाला वर यायचे आहे. तो येत नाही, त्याअर्थी कोणीतरी त्याला दाबून धरले आहे. हे 'बोट' कोणते? दोन्ही बाजूंचे भूखंड तळावर चढले असतील तर त्यांचाच भार. आणि भूखंड असे चढायला आडवा दाब हवा. म्हणजे बाण आत!

बुलार्ड एवढ्यावर थांबले नाहीत. भूकवच हा एक लवचीक तक्ता मानला, त्याच्या एका कडेवर भार आला, तर तो वाकेल आणि ठरावीक अंतरावर पुन्हा तुटेल. ते अंतर म्हणजेच दरीची रुंदी. त्यांनी गणित केले आणि उत्तर आफ्रिकेतल्या दऱ्यांच्या खऱ्या रुंदीशी, म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटरांशी, बऱ्यापैकी जुळले. निरीक्षण, तर्क आणि गणित, तिन्ही एका दिशेला. त्याच वर्षी बेली विलिस या अमेरिकन भूवैज्ञानिकाचे पूर्व आफ्रिकेवरचे पुस्तक आले, तेही दाबाच्याच बाजूचे. त्या काळचा एखादा शिक्षक बाण आत काढून शिकवत असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

मग चुकले कुठे?

एक छोटा हिशेब करू. जमिनीखाली एखादा आडवा, खूप पसरलेला थर असेल तर त्याचा गुरुत्वावरचा परिणाम काढायला सोपे सूत्र आहे: घनतेतला फरक (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) गुणिले थराची जाडी (मीटर) गुणिले ०.०४२, उत्तर मिलिगॅलमध्ये. आता समजा, खचदरीवर ५० मिलिगॅलची तूट मिळाली. पहिला विद्यार्थी म्हणेल: भूकवच ३ किलोमीटर खाली दाबले गेले आहे. त्यामुळे ३.३ घनतेच्या प्रावरणाच्या जागी २.९ घनतेचे कवच आले. फरक ०.४, गुणिले ३,०००, गुणिले ०.०४२, उत्तर ५०. दुसरा म्हणेल: कवचाला काहीही झालेले नाही. दरीच्या तळाशी ३ किलोमीटर गाळ साचला आहे. खडकाची घनता २.६७, गाळाची २.२७. फरक ०.४, उत्तर पुन्हा ५०. तिसरा म्हणेल: सगळे कारण फार खोल आहे. प्रावरण तापून किंचित हलके झाले आहे, फरक फक्त ०.०५, पण जाडी २४ किलोमीटर. उत्तर तेच!

लंबकाला तिघांपैकी कोणाचेच म्हणणे खोटे ठरवता येत नाही. निदान एका ठिकाणच्या आकड्यावरून तर नाहीच. दरी ओलांडून अनेक ठिकाणी मोजत गेले तर थोडी मदत होते. उथळ कारणाची विसंगती दरीच्या कडेपाशी झटकन बदलते, खोल कारणाची पसरट असते. पण त्यासाठी ठाणी दाट हवीत आणि लंबकाच्या एकेका निरीक्षणाला फार वेळ जाई. शिवाय ही मदत एकतर्फी आहे: टोकदार विसंगतीचे कारण खोल असू शकत नाही, एवढे नक्की, पसरट विसंगतीचे कारण मात्र खोलही असू शकते आणि उथळ पण पसरलेलेही.

आल्बर्ट सरोवराच्या तळाशी गाळ नेमका किती आहे, हे सांगणारी खोल विहीर १९३६ साली नव्हती. ती दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, सरोवराच्या युगांडाकडच्या काठावर तेलाच्या शोधात वाकी येथे खणली गेली आणि गाळातून बाराशे मीटरहून खाली गेली. तीही काठावर. पुढे भूकंपलहरींच्या साहाय्याने पाहणी झाली तेव्हा खोऱ्याच्या खोल भागात गाळाची जाडी कित्येक किलोमीटर निघाली. म्हणजे ज्या तुटीसाठी बुलार्ड यांनी कवच दाबून धरणारे 'बोट' शोधले, तिचा मोठा हिस्सा सरोवराखालच्या हलक्या गाळात होता. याच गाळात २००६ मध्ये तेल सापडले.

तर्काची दुसरी बाजूही १९५० मध्ये ढासळली, आणि तीही गुरुत्व मोजणाऱ्याच माणसाच्या हातून. पाणबुडीत लंबक नेऊन समुद्रावर गुरुत्व मोजणारे डच शास्त्रज्ञ व्हेनिंग माइनेस यांनी तक्त्याचे गणित ताण गृहीत धरून पुन्हा केले. कवच ताणाने एका तिरक्या विभंगावर तुटते. एक बाजू वाकते. वाकल्याने काही अंतरावर समोरासमोर कललेला दुसरा विभंग पडतो. आता मध्ये जो तुकडा सुटतो तो पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. खालचा भाग निमुळता असल्याने तो प्रावरण कमी बाजूला सारतो, म्हणून त्याला आधार कमी मिळतो आणि तो शेजाऱ्यांपेक्षा खोल तरंगतो. त्याला दाबून धरायला कोणाचे बोट लागत नाही! दरीची रुंदी या गणितातही खऱ्या रुंदीच्या आसपासच येते. ज्या जुळणीने बुलार्ड यांचे म्हणणे भक्कम वाटले होते ती दोन्ही बाजूंना सारखीच उपलब्ध होती. आमच्या मते या सबंध इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी जागा हीच.

तरीही 'ताणही चालेल' आणि 'ताणच आहे' यांत अंतर असते. ते भरून काढले भूकंपांनी. जगभर भूकंपमापकांचे जाळे पसरल्यावर, १९६०च्या दशकात, भूकंपाच्या वेळी विभंगाच्या दोन बाजू कशा सरकल्या हे लहरींवरून सांगता येऊ लागले. २० मार्च १९६६ रोजी युगांडात रुवेन्झोरीजवळ, म्हणजे नेमका ज्या पर्वतामुळे दाबाची शंका बळावत होती त्याच्या शेजारी, मोठा भूकंप झाला. तिथली हालचाल ताणाची निघाली. आज उपग्रहांच्या मदतीने या खचदरीच्या दोन बाजू वर्षाला काही मिलिमीटर दूर जाताना प्रत्यक्ष मोजता येतात.

याच सुमारास लंबक मागे पडून स्प्रिंगचे गुरुत्वमापक आले होते. मोटारीत ठेवून दिवसाला अनेक ठाणी घेता येऊ लागली आणि केनियाच्या शाखेचा नकाशा भरत गेला. १९६९ ते १९७१ या दोन-तीन वर्षांत त्यावर लागोपाठ प्रबंध आले. चित्र बुलार्ड यांच्या काळापेक्षा गुंतागुंतीचे होते. केनियाच्या घुमटासारख्या उंच प्रदेशावर शेकडो किलोमीटर रुंदीची प्रचंड ऋण विसंगती पसरलेली, आणि तिच्या बरोबर मध्यावर, दरीच्या अक्षावर, एक अरुंद धन पट्टा. दरीत गाळ आणि ज्वालामुखीची राख साचलेली असताना मध्यावर गुरुत्व वाढावे कसे? सर्ल, खान, मॅन्सफील्ड, बेकर, वोहलेनबर्ग आदींनी निरनिराळ्या तपशिलांसह जे सुचवले त्याचा गाभा असा: पसरट तूट ही खालून वर आलेल्या तप्त, हलक्या प्रावरणाची (आपला तिसरा विद्यार्थी!), आणि अरुंद वाढ ही ताणलेल्या कवचाच्या फटीत वर घुसून थिजलेल्या जड शिलारसाची. दाबलेल्या कवचात अशी फट पडायला वावच नसतो.

त्या काळच्या काही आकृत्यांत हा शिलारस वीसेक किलोमीटर रुंदीच्या सलग खांबासारखा, जमिनीखाली थोड्याच अंतरापर्यंत आलेला दाखवतात. तोही आकडा गुरुत्वातूनच निघालेला, तेव्हा त्यालाही तोच 'कुठेतरी'चा रोग. त्याची परीक्षा १९८५ ते १९९४ या काळात 'क्रिस्प' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात झाली. केनियातल्या सरोवरांत आणि विहिरींत स्फोट घडवून त्यांच्या लहरी दूरवर टिपल्या गेल्या. दक्षिणेला नैवाशाच्या परिसरात दरीखालचे कवच सुमारे ३५ किलोमीटर जाड, तर उत्तरेला तुर्काना सरोवराखाली जेमतेम २० किलोमीटर निघाले. जिथे दरी जास्त ताणली गेली तिथे कवच जास्त पातळ. दरीखालच्या प्रावरणात लहरींचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास, नेहमीच्या आठपेक्षा कमी. म्हणजे ते तप्त आणि हलके असणार हे बरोबर. सलग खांबाचे चित्र मात्र तसेच्या तसे टिकले नाही. कवचात भिंतींसारख्या उभ्या घुसलेल्या अनेक अरुंद शिलारस-पट्ट्यांचा थवा मानला, तर गुरुत्व आणि लहरी या दोहोंशी ते अधिक जुळते.

स्वतः बुलार्ड यांचे काय झाले, ही उत्सुकता वाचकांना असेल. १९६५ मध्ये त्यांनी एव्हरेट आणि स्मिथ या सहकाऱ्यांसह संगणक वापरून अटलांटिकच्या दोन्ही काठांचे खंड एकमेकांशी जुळवून दाखवले. खंड फाटून दूर गेले, हे पटवून देणारी ती आकृती आजही पुस्तकांत असते. १९३६ मध्ये ज्यांच्या पुराव्याने आफ्रिका फाटत नाही असे वाटले, त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांसाठी या गोष्टीचा एक तुकडा घराजवळचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयनेच्या भूकंपानंतर दख्खनच्या कातळाखाली काय आहे याचा कसून शोध सुरू झाला. १९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी गुरुत्वाच्या नकाशातील ऋण पट्ट्यांवरून, लाव्हाच्या थरांखाली कोयना आणि कुर्डुवाडी अशा दोन खचदऱ्या गाडल्या गेल्या असाव्यात, असे सुचवले. कल्पना आकर्षक होती. बेसाल्ट हा जड खडक. तो वर पसरलेला असूनही गुरुत्व कमी भरते, तेव्हा खाली काहीतरी हलके असलेच पाहिजे. आणि खचदरीत हलके काय असते ते आपण आल्बर्ट सरोवरात पाहिलेच आहे: गाळ.

पुढे २०११ नंतर कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी दीड-दीड किलोमीटर खोल विहिरी खणल्या गेल्या. पहिल्या विहिरीत ९३२ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटी पट्टिताश्म. मध्ये गाळाचा थर नाही. विहीर ही जमिनीला पाडलेले एक वीतभर रुंदीचे भोक असते, त्यामुळे कोयनेखाली विभंग नाहीत किंवा कवच कधी ताणलेच गेले नाही, असे यावरून म्हणता येणार नाही. पण दुसऱ्या विद्यार्थ्याचे सोपे उत्तर तिथे चालत नाही, एवढे त्या विहिरीने दाखवले. १९७३ च्या नकाशावरची ऋण विसंगती आजही तेवढीच भरते. तिच्या कारणाचा शोध आता त्या ग्रॅनाइटच्या खाली चालू आहे.